पाहुणा झाला यजमान

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काठमांडूला जाणारा मोटाररस्ता नव्हता. तरीही काठमांडूत मोटारी होत्या. राणा घराण्यातील मंडळी त्या परदेशातून मागवत. तराईतल्या वाटेवर गाडी संपली की मोटारीची चाके काढायची, बांबूंचा मोठा सांगाडा बांधायचा आणि हमालांच्या तांड्याने ती खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचे. खोऱ्यात उतरल्यावर राजवाडा ते राजवाडा एवढ्याच अंतरात ती मोटार फिरे. अशा गावात एका परक्या माणसाने परक्यांसाठी हॉटेल काढले, त्याची ही हकिगत.

नेपाळवर 1846 ते 1951 अशी एकशे चार वर्षे राणा घराण्याने राज्य केले. राजा नावापुरता, सत्ता राणा पंतप्रधानांची. देशाची दारे त्यांनी पाश्चात्त्यांना जवळजवळ बंद ठेवली होती. आपल्याकडच्या यात्रेकरूंना मात्र महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी वाट मोकळी होत असे. म्हणजे नेपाळला पाहुणा नवा नव्हता. पाटी आणि सत्तल या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धर्मशाळा काठमांडूच्या खोऱ्यात जागोजागी होत्या. वाटसरूला निवारा देणे हे पुण्यकर्म मानले जाई. पैसे मोजून राहणारा, नुसते पाहायला आलेला परदेशी, हा प्रकार मात्र कुणाच्या ओळखीचा नव्हता.

त्या काळात तिथे आला बोरिस लिसानेविच. जन्म 1905चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. रशियन क्रांतीने त्याचे घरदार उधळले. तो बॅले नर्तक झाला. पॅरिसला जाऊन दियागिलेव्हच्या विख्यात ‘बॅले रूस’ या नृत्यसंघात दाखल झाला. 1929 साली दियागिलेव्ह वारला आणि संघ मोडला. पुढे नृत्याचे कार्यक्रम करत बोरिस आशियात हिंडला आणि कलकत्त्यात स्थिरावला. तिथे 1936 साली त्याने ‘थ्री हंड्रेड क्लब’ सुरू केला. सभासद तीनशेच. त्या काळी कलकत्त्यातल्या बड्या युरोपीय क्लबांत हिंदी माणसाला सभासदत्व मिळत नसे. बोरिसच्या क्लबात हिंदी आणि युरोपीय एकाच टेबलाशी बसत. मायदेश गमावलेल्या माणसाला ‘आमचे’ आणि ‘परके’ या भिंतींचे फारसे अप्रूप नसावे.

याच क्लबमुळे 1940च्या दशकात त्याची नेपाळचे राजे त्रिभुवन यांच्याशी मैत्री जमली. नोव्हेंबर 1950 मध्ये त्रिभुवन यांनी काठमांडूतल्या भारतीय वकिलातीत आश्रय घेतला, तेथून ते दिल्लीला आले आणि फेब्रुवारी 1951 मध्ये मायदेशी परतले. राणाशाही संपली. राजाच्या निमंत्रणावरून बोरिसही काठमांडूला गेला. काही काळाने बहादूर भवन नावाच्या जुन्या राणा राजवाड्यात ‘रॉयल हॉटेल’ उभे राहिले. नाव भपकेबाज होते आणि दिवाणखानेही प्रशस्त होते. हॉटेल चालवायला लागणारे बाकी जवळजवळ काहीच मात्र गावात मिळत नव्हते.

जरा विचार करा. पाश्चात्त्य पाहुण्याला लागणारी कटलरी, चादरी, स्नानगृहातले सामान, डबाबंद पदार्थ, मद्य, बहुतेक सगळे बाहेरून आणायचे. रस्ता नाही, म्हणून विमानाने. विमान उतरणार गौचरच्या मैदानावर. गौचर म्हणजे आपले गायरानच. त्यात गोहत्या हा तिथे कायद्याने गंभीर गुन्हा. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या ताटातला नेहमीचा पदार्थ आधीच बाद. नोकरवर्ग उमदा होता, पण परदेशी पाहुण्याची वेळापत्रके आणि सवयी त्याने कधी पाहिलेल्या नव्हत्या. सोवळेओवळे आणि जातिनियम पाळणाऱ्या समाजात कोणाच्या हातचे कोण खाणार, हाही प्रश्न असेच. बोरिस आणि त्याची डॅनिश पत्नी इंगर यांनी मुलाबाळांसह त्याच वाड्यात बिऱ्हाड थाटले आणि एकेक गोष्ट शिकत, शिकवत हॉटेल चालवले.

खरी अडचण याहून वेगळी होती. हॉटेल आहे, पण पाहुणे यायला परवानगी कुठे आहे? गिर्यारोहकांना दार किलकिले झाले होते. फ्रेंच तुकडीने 1950 साली अन्नपूर्णा सर केले, 1953 साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. पण साध्या प्रवाशाला व्हिसा मिळणे कठीण. इथे पाहण्यासारखे आहे तरी काय, आणि त्यासाठी कोणी एवढा खर्च करून कशाला येईल, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडे. तो प्रामाणिक होता. रोजच्या वाटेवरचे देऊळ कोणी सातासमुद्रापलीकडून पाहायला येईल, हे आपल्याला तरी कुठे पटकन पटते?

1955 साली बोरिसने खटपट करून वीसेक पर्यटकांच्या एका गटाला परवानगी मिळवली. त्यांच्या मुक्कामात त्याने हॉटेलातच नेपाळी कारागिरांच्या वस्तू विक्रीला मांडल्या. तेव्हा कारभार पाहणारे महेंद्र यांनाही त्याने बोलावले होते. पाहुण्यांची वस्तूंवर उडालेली झुंबड त्यांनी स्वतः पाहिली आणि त्यानंतर पर्यटकांना व्हिसा देण्याचे धोरण बदलू लागले, अशी ही गोष्ट सांगितली जाते. सांगताना तिच्यावर थोडे मीठमसाला चढले असेलही. धोरणे एका संध्याकाळी बदलत नाहीत. राणाशाहीचा अंत, भारताशी वाढलेले दळणवळण, पैशाची गरज, ही सगळी कारणे त्यामागे होती. पण बोरिसचे मर्म या गोष्टीत नेमके सापडते. पाहुण्याला नेपाळ कसा दाखवायचा हे त्याला कळत होतेच. पाहुणा कसा असतो हे नेपाळलाही दाखवावे लागेल, हे त्याने ओळखले होते.

राजाच्या मर्जीवर उभा असलेला धंदा किती सुरक्षित? मार्च 1955 मध्ये त्रिभुवन झुरिकला वारले. त्याच सुमारास दारू गाळण्याच्या परवान्यावरून बोरिसचा सरकारशी वाद झाला आणि काठमांडूतल्या या नामांकित यजमानाला चक्क तुरुंगात जावे लागले. पुढे मे 1956 मध्ये महेंद्र यांचा राज्याभिषेक झाला. जगभरच्या पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था कोण करणार? ती जबाबदारी बोरिसवरच आली, कारण गावात दुसरे कोणी नव्हते. 1961 साली ब्रिटनची राणी एलिझाबेथ आली, तेव्हाही तेच. सरकारला तो नकोसा झाला होता आणि त्याच्यावाचून चालतही नव्हते. परमुलखात पाय रोवणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हे येते.

रॉयल हॉटेलातला ‘याक अँड यती’ बार प्रसिद्ध झाला. मधोमध शेकोटी, वर तांब्याचे धुराडे. गिर्यारोहक, वकिलातीतली मंडळी, पत्रकार, राजघराण्यातले लोक तिथे जमत. हान सुयिन या लेखिकेच्या 1958 सालच्या ‘द माउंटन इज यंग’ या कादंबरीतला हॉटेलवाला बोरिसवरूनच बेतलेला आहे. मिशेल पेसेल या फ्रेंच लेखकाने 1966 साली त्याच्यावर आख्खे पुस्तक लिहिले.

कीर्ती अशी, पण तिजोरी मात्र भरली नाही. बोरिस दिलदार होता आणि हिशेबात ढिला. 1960चे दशक सरता सरता रॉयल हॉटेल बंद पडले. नंतर लाल दरबार या दुसऱ्या राणा वाड्यात त्याने ‘याक अँड यती’ नावाचे रेस्टॉरंट काढले. त्याच वाड्याला जोडून 1977 साली त्या नावाचे मोठे हॉटेल निघाले. त्याच्या रशियन पद्धतीच्या बीटच्या सूपाची, म्हणजे बोर्श्टची, ख्याती तिथेही टिकली. 1985 साली बोरिस काठमांडूतच वारला आणि तिथल्याच ब्रिटिश दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. बहादूर भवनात पुढे नेपाळच्या निवडणूक आयोगाचे कार्यालय आले. राणांचा वाडा, मग परदेशी पाहुण्यांचे हॉटेल आणि शेवटी मतदारांच्या याद्या. एका इमारतीने एका देशाचे केवढे स्थित्यंतर पाहिले!

आज मराठी माणसे काठमांडू-पोखरा सहलीला सहज जातात. विमानतळावर उतरतात त्या जागेला एके काळी गौचर म्हणत. हॉटेलच्या काउंटरवर नाव लिहिले की खोलीची किल्ली हातात पडते. ही किल्ली हातात पडणे तिथे कोणे एके काळी अजब वाटत होते आणि ते नेहमीचे व्हावे म्हणून खपलेला माणूस मूळचा त्या देशाचा नव्हता. खरे तर तो कुठल्याच देशाचा उरला नव्हता. ज्याचे स्वतःचे घर गेले, त्याने इतरांसाठी दार उघडे ठेवण्याचा व्यवसाय निवडला, आणि ज्या गावात तो पाहुणा म्हणून आला, तिथेच त्याला अखेरची जागा मिळाली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)