झिजलेल्या दात्याचे माप



आपल्या वाडवडिलांच्या भात्यापुढे जे घडत असे, त्याचे माप हातालाच ठाऊक असे. नांगराचा फाळ, गाडीची धाव ज्या गावी घडत त्याच गावी दुरुस्तही होत. अंगुळ, वीत आणि डोळ्याचा अंदाज पुरत असे. यंत्रयुगात मात्र एका देशी घडलेला भाग दुसऱ्या देशी बदलावयाची वेळ आली आणि सर्वमान्य प्रमाणाची गरज भासली. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचविले, ही त्या वाटेवरील मोठी पायरी होय.

ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरविणाऱ्या शाफ्टाचे प्रमाण अमेरिकेतील कृषि-अभियंत्यांच्या संस्थेने १९२७ साली स्वीकारले. मिनिटास ५४० फेऱ्या, १ ३/८ इंच व्यास आणि ६ सरळ दाते हा प्रकार पुढे रूढ झाला. १९५८ साली १००० फेऱ्यांचे प्रमाण आले. त्यास व्यास तोच, पण दाते २१ आणि वक्र. सावकाश चालणारे अवजार वेगवान शाफ्टास चुकूनही जोडले जाऊ नये, हा त्यातील हेतू. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. तथापि यंत्रांच्या पोटातील इंच तसाच राहिला.

याची शिकवण आमच्या घरास नुकसान सोसून मिळाली. मुक्ताईनगर भागातील एका केळीबागाईतदाराचा शाफ्ट ऐन हंगामात मोडला. वडिलांनी तुटक्या तुकड्याच्या झिजलेल्या दात्याचे माप घेऊन रातोरात नवा करून दिला. तो बसला छान. परंतु ढिला असल्याने थोड्याच दिवसांत समोरचा हबही खाऊन गेला. वडिलांनी मजुरी परत केली व दुसरा शाफ्ट पदरचा दिला.

तेव्हापासून आमचा नियम असा : हबाबाहेर राहिलेला, न झिजलेला भाग प्रथम शोधावा. दाते मोजावे, ते सरळ की वक्र हे पाहावे. सरळ असल्यास बाहेरचा व्यास, खाचेच्या तळाचा व्यास व दात्याची रुंदी घ्यावी. वक्र असल्यास दात्यांच्या संख्येत एक मिळवून इंचातील व्यासाने भागावे. २१ अधिक १ म्हणजे २२, त्यास १.३७५ ने भागता बरोबर १६ येतात. असा पूर्णांक आला म्हणजे ३० अंशांचे इंची प्रमाण असावे असे समजावे. न आल्यास मेट्रिक कोष्टक उघडावे. शेवटी समोरासमोरील खाचांत सारख्या जाडीच्या पिना ठेवून वरून मायक्रोमीटरने खात्री करावी, आणि हब तपासल्यावाचून पोलादास हात लावू नये.

हाताचे कसब हा आपल्या विश्वकर्मा समाजाचा वारसा खराच. परंतु जे माप कागदावर उतरले नाही, ते कारागिराबरोबरच जाते. म्हणून प्रत्येक दुकानात मापांची एक वही असावी, आणि ती तरुणांच्या हाती द्यावी, एवढीच विनंती.