चेकआउटची वंशावळ

फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट शिकायला बसलेला माणूस ‘ॲड’ आणि ‘कमिट’ बिनतक्रार पाठ करतो. अडतो तो ‘चेकआउट’पाशी. ही आज्ञा एका शाखेवरून दुसरीवर नेते. पण पुढे शाखेऐवजी फाइलचे नाव आले, तर त्या फाइलमधले अजून ॲड न केलेले बदल एका शब्दाने न विचारता पुसून टाकते. दुपारभराचे काम गेले की मगच हे कायमचे ध्यानात राहते.

हा घोळ वारशाने आलेला आहे. 1972 मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी याच कामाचे एससीसीएस लिहिले. त्यात फाइल ‘गेट’ने काढायची आणि बदल ‘डेल्टा’ने जमा करायचा. पर्डू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांच्या आरसीएसमध्ये, 1982 च्या सुमारास, त्यांचे चेकआउट आणि चेकइन झाले. शब्द वाचनालयातला आणि नियमही तिथलाच: पुस्तक एकाच्या नावावर असेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे. फाइलला कुलूप लावून कुणी रजेवर गेला की झालेच!

ॲमस्टरडॅमला डिक ग्रुन दोन विद्यार्थ्यांबरोबर कम्पायलरचे काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नोकरीत, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि ग्रुन यांना फक्त संध्याकाळ मोकळी. कुलपाने तिघांचेही अडले असते. त्यातून आलेल्या, 1986 मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीएसमध्ये प्रत्येकाने आपली प्रत घ्यायची आणि बदल नंतर जुळवायचे. कुलूप गेले, पण प्रत घेण्याला ‘चेकआउट’च म्हणत राहिले. नंतरच्या सबव्हर्जन या साधनानेही तेच उचलले.

एप्रिल 2005 मध्ये लिनक्सवाल्यांना ते वापरत असलेले बिटकीपर हे आवृत्ती-साधन फुकट वापरता येईना, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट उभे केले. इथे ‘क्लोन’ने अख्खा इतिहासच घरी येतो. मग चेकआउटला काम उरले ते घरच्या कोठीतून फाइली काढून समोर मांडण्याचे. शाखा असो की एकच फाइल, गिट लिहिणाऱ्याच्या लेखी काम एकच. शिकणाऱ्याला मात्र ती दोन कामे वाटतात, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर आहे.

ऑगस्ट 2019 च्या 2.23 आवृत्तीत अखेर वाटणी झाली: शाखेसाठी ‘स्विच’, फाइलसाठी ‘रिस्टोअर’. म्हणून आज नवशिक्याने ‘स्विच -सी’ने नवी शाखा काढावी, थोडे काम करावे, ‘स्टेटस’ पाहावे, ॲड करावे, कमिट करावे. रिस्टोअर मात्र जपून. पुसण्याआधी तेही विचारत नाही.