टॉर्क परिवर्तक : इतिहास व बसवणी

टॉर्क परिवर्तक : एंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहाद्वारे दंतचक्र पेटीकडे नेणारी आणि वाहन जागेवरून हलताना टॉर्क, म्हणजे दंड फिरविणारा जोर, वाढविणारी प्रयुक्ती. तेलाने भरलेल्या कवचात पंपचक्र व टर्बाइनचक्र समोरासमोर असून त्यांच्यामध्ये तेलाला योग्य दिशा देणारे मार्गदर्शक चक्र असते. या चक्रामुळेच टॉर्क वाढतो. ते नसल्यास ती केवळ द्रव युग्मक ठरते.

हेरमान फटिंगर (१८७७–१९४५) या जर्मन अभियंत्यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले. जहाजाच्या वेगवान वाफ टर्बाइनाची गती मंदगती मळसूत्री पंख्यास जुळविणे, हा त्यांचा मूळ हेतू होता. पुढे ही प्रयुक्ती रस्त्यावर आली. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील लेलँड कंपनीने लिशोल्म-स्मिथ पद्धतीचा परिवर्तक बसगाड्यांत वापरला. अमेरिकेत १९४८ मध्ये ब्यूइक मोटारगाड्यांत तो आला आणि स्वयंचलित प्रेषणाचा प्रसार झाला.

भारतात या तत्त्वाचा महत्त्वाचा उपयोग प्रथम रेल्वेत झाला. मनमोहन सुरी यांनी डीझेल एंजिनांसाठी द्रवीय व यांत्रिक प्रेषणांचा मेळ घालणारी पद्धत विकसित केली. १९६२ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. डीझेल-द्रवीय एंजिने सातपुडा विभागाच्या ७६२ मिमी. रुंदीच्या अरुंदमापी मार्गांवरही धावली. या मार्गांचे प्रमुख प्रस्थानक गोंदिया हे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्यांपैकी बहुतेक मार्ग आता रुंदमापी झाले आहेत.

रेल्वे एंजिनातील परिवर्तक बहुधा प्रेषणाच्या पेटीतच स्वतःच्या धारव्यांवर बसविलेला असतो. मोटारगाडीत मात्र त्याची जागा सीमेवरची आहे : पुढून तो एंजिनाच्या लवचिक चालक पट्टिकेला बोल्टांनी जोडलेला, तर मागून त्याची नाभी पेटीतील तेलपंपाला फिरविणारी. दोन यंत्रे जोडताना या दोहोंमध्ये तो कोठे राहील, हे जोडणाऱ्यालाच ठरवावे लागते. बसवणीतील मोकळ्या अंतराचा प्रश्न या रचनेतून उद्भवला आहे.

परिवर्तक पेटीच्या दंडावर सरकविताना तो हळूहळू फिरवावा लागतो. टर्बाइनचक्र, मार्गदर्शक चक्राचा आधार आणि पंप या तिन्ही ठिकाणी खाचा एकमेकींत बसल्या म्हणजे तो पूर्ण आत जातो. नंतर पेटी एंजिनाला घट्ट करावी. या वेळी परिवर्तक हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या बोल्टांच्या बैठका व चालक पट्टिका यांत थोडे अंतर उरले पाहिजे. अनेक गाड्यांत ते सुमारे ३ ते ५ मिमी. असते, तथापि उत्पादकाने दिलेले माप अंतिम मानावे. अंतर मोजल्यावरच परिवर्तक पुढे ओढून बोल्ट आवळतात.

अंतर मुळीच नसेल, तर परिवर्तक पंपात पूर्ण बसलेला नाही असे बहुधा समजावे. तशा स्थितीत बोल्टांच्या जोराने पेटी एंजिनाकडे ओढल्यास पंपाची दंतचक्रे फुटतात. अंतर फार कमी असेल, तर तेलाच्या दाबाने फुगणारे कवच पंपावर व भुजादंडाच्या रेटा धारव्यावर ताण आणते. ते फार जास्त असल्यास पुढे ओढलेली नाभी पंपात पुरेशी अडकत नाही व तिची झीज होते. अशा वेळी योग्य जाडीच्या चकत्या घालतात.

भंडारा जिल्ह्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. ज्या लेलँडने बसमध्ये परिवर्तक वापरला, तिचाच १९५५ पासून या भारतीय कंपनीत सहभाग होता. गडेगावची ख्याती मात्र दंतचक्र पेट्यांची. पेटीतील दंतचक्रांमधील अंतरे कारखान्यात यंत्रांवर व मापकांनी निश्चित होतात. परिवर्तकाचे अंतर मात्र दुरुस्तीनंतर प्रत्येक वेळी नव्याने मोजावे लागते. तेथे कारखान्याची अचूकता कारागिराच्या हातातील मोजपट्टीवर अवलंबून राहते. क्लचमधील बसवणीची चूक घसरण किंवा आवाज यांमधून बहुधा आधी जाणवते. येथे ती एंजिन सुरू होण्यापूर्वीच पंप फोडू शकते. म्हणून या बसवणीत बळापेक्षा मापाला महत्त्व आहे.