काहून, पुरक्वा आणि खेडवळ 'ती'

गेले तीन महिने दर शनिवारी सकाळी माझा फ्रेंचचा क्लास चालू आहे. ऑनसाइट मिळो न मिळो, प्रश्न विचारता यायला लागले!

फ्रेंचमध्ये 'तो येतो का?' विचारायच्या तीन तऱ्हा शिकवतात. साधं वाक्य आवाज चढवून म्हणायचं. किंवा क्रियापद आधी, कर्ता नंतर: 'व्हिअँ-तील?' किंवा मूळ वाक्याला हात न लावता आधी 'एस् क' जोडायचं. शब्दशः अर्थ, 'असं आहे का, की...'. पूर्वी ते जोर देण्यासाठी होतं; पुढे जोर झिजला, नुसती प्रश्नाची खूण उरली. आपला 'का' हेच काम करतो, फक्त शेवटी येऊन.

पण खरी गंमत चौथ्या तऱ्हेत आहे. 'व्हिअँ-तील'मधला शेवटचा 'ल' बोलण्यात गळायचा, उरायचं 'व्हिअँ-ती'. लोकांना वाटलं, 'ती' म्हणजेच प्रश्न. मग कर्ता मी असो नाहीतर आम्ही, क्रियापदाला 'ती' लागायला लागला. म्हणजे फ्रेंचला अगदी आपल्यासारखा 'का' मिळाला होता! गास्तों पारी या मोठ्या भाषापंडिताने 1877 मध्ये त्यावर लेखही लिहिला. पण शाळेच्या व्याकरणात त्याला जागा मिळाली नाही, तो खेडवळच ठरला. क्वेबेकमध्ये मात्र त्याचा भाऊ 'त्यू' आजही रोजच्या बोलण्यात आहे.

हे वाचलं आणि भोकरदनची आजी आठवली. आमच्या जालन्याकडे 'का?'ला 'काहून?' म्हणतात. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये तोंडून गेलं, "बिल्ड काहून फेल झालं?" सगळे हसले. कुणी वाईट हेतूने नाही, पण तो शब्द मी तिथेच सोडला. हळूहळू घरीही. एकदा आजी फोनवर म्हणाली, "तू आता पेपरासारखं बोलायला लागला." ते कौतुक होतं की तक्रार, तेव्हा विचारलं नाही.

आता 'का'साठीचा फ्रेंच शब्द बघा: 'पुरक्वा'. 'पुर' म्हणजे साठी, 'क्वा' म्हणजे काय. झालं 'कशासाठी'! आपल्या 'काहून'मधला 'हून' मला 'गावाहून'मधलाच वाटतो. तसं असेल तर घडण तीच, 'कशावरून'. आणि फ्रेंचचे 'की', 'क', 'काँ' आणि आपले 'कोण', 'काय', 'कधी' यांतला 'क' तर एकाच प्राचीन मुळातून आलेला. मग पुरक्वाची फी भरायची आणि काहूनची लाज वाटायची, हे कुठलं व्याकरण?

रविवारी फोन लावला. म्हटलं, "काहून गं आजी, फोन नाही केला?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "आला का वापस?"

असो. पुढच्या शनिवारी नकारार्थी वाक्यं आहेत. :-)