पाव मैल आणि डावा पाय

ड्रॅग शर्यत पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची. पण हाताने गिअर टाकायच्या गाडीत तिचा निकाल अनेकदा पहिल्या काही फुटांतच लागतो. रेस किती द्यायची आणि क्लच किती झटकन सोडायचा, एवढाच प्रश्न असतो. रेस कमी पडली तर इंजिन गुदमरते. जास्त झाली तर मागची चाके जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि शेजारचा निघून जातो.

हा खेळ दक्षिण कॅलिफोर्नियातला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथले हौशी लोक कोरड्या तलावांच्या तळांवर गाड्या पळवत. पण तिथे कस लागे तो कमाल वेगाचा. उभ्या जागेवरून सुटण्याला महत्त्व आले युद्धानंतर. 1950 मध्ये सी. जे. ‘पॅपी’ हार्ट यांनी सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू केल्या आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापली. (आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीतल्या ड्रॅग शर्यतीही धावपट्टीवरच झाल्या.)

सुटण्याचा इशारा आधी झेंड्याचा असे. मुरलेला चालक झेंड्याकडे कमी आणि झेंडेवाल्याच्या खांद्याकडे जास्त बघे. 1963 मध्ये ‘ख्रिसमस ट्री’ हा दिव्यांचा खांब आला: अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पाच पिवळे दिवे, मग हिरवा. हिरव्याची वाट पाहणारा हरतो. शेवटचा पिवळा लागताच पाय क्लचवरून निघावा लागतो. गाडीचे घड्याळ मात्र पुढचे चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावरच सुरू होते. त्यामुळे कमी वेळ नोंदवूनही उशिरा सुटलेला चालक शर्यत हरू शकतो.

खरी झुंज टायर आणि क्लच यांच्यात होती. साधे टायर घसरत, म्हणून बाकीचे भाग वाचत. मऊ रबराचे, नक्षी नसलेले ‘स्लिक’ टायर आले, चाकाने जमीन धरली आणि धक्का क्लच, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सलवर गेला. 1957 मध्ये चार गिअर मिळालेल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला 1963 मध्ये मागे स्वतंत्र सस्पेन्शन आले. वळणांवर ते उत्तम. पण स्लिक लावून क्लच एकदम सोडला की त्याचे सांधे तुटत. त्याहून वाईट म्हणजे फ्लायव्हील फुटून तुकडे थेट चालकाच्या पायांकडे येत. पोलादी संरक्षक कवचाची सक्ती झाली ती अशा अपघातांमुळेच. साठच्या दशकाच्या मध्यापासून सुटताना बाजूला सुरकुत्या पडणारे टायर आले आणि धक्क्याचा काही भाग टायरनेच गिळला.

क्लच सोडण्याच्या कसबाला त्या काळी मोठा मान होता. नॉर्थ कॅरोलायनाचे रॉनी सॉक्स चार गिअरचे उस्ताद मानले जात. ते आणि त्यांचे भागीदार बडी मार्टिन प्लिमथच्या विक्रेत्यांकडे वर्ग घेऊन गिऱ्हाइकांना शर्यतीचे धडे देत. पण तोवर क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटसारख्या स्वयंचलित गिअरबॉक्सनी दर वेळी एकसारखे सुटून दाखवायला सुरुवात केली होती. ड्रॅगस्टरमध्ये तर पायाचे काम क्लचच्याच अंगावर आले. तो ठरवून घसरे, टायर घसरेनासे झाले.

पुढे संगणकाने रेस आणि घसरण दोन्ही सांभाळली. 2020 च्या कॉर्व्हेटमध्ये क्लचचे पेडलच उरले नाही. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांसाठी आता अमेरिकेत वेगळे गट ठेवले जातात.