रिकाम्या हातांचा इतिहास

राजांच्या तलवारींचा हिशेब इतिहासात सापडतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आमच्या शिरूर-दौंडकडचा मुलूख कमी पावसाचा. इथला धनगर मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर काती. त्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सणगर घोंगडी विणी. घरातली म्हातारी धान्य निवडी, वाती वळी. नावे आठवेनाशी झाली तरी तिच्या बोटांना त्यांचे काम ठाऊक असे. आता वाती बाजारात तयार मिळतात, आणि त्या लोकरीला भाव उरलेला नाही.

हाताला काम असण्याचे मोल ज्यांनी जाणले, असे एक घर दौंड तालुक्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुली व विधवा गोळा करून आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथली वस्ती २,००० च्या घरात गेली होती. पोटाला भाकरी दिली की आपले काम संपले, असे रमाबाईंनी मानले नाही. तिथे माग होते, शिवणकाम होते, शेती होती, छापखाना होता. त्यांची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकवू लागल्या. थकल्याभागल्या वृद्धांनाही तिथे थारा होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, केडगावलाच छापून निघाले.

त्याच काळात युरोपात दोन गोष्टी घडल्या. १९०६ साली जर्मनीत आल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी स्मृती हरवलेल्या एका स्त्रीचा आजार विद्वानांपुढे मांडला. १९०७ साली रोममध्ये मॉण्टेसरीबाईंनी बालगृह उघडले आणि मुलांच्या बोटांखाली खरबरीत व गुळगुळीत पाट्या ठेवल्या. पोराच्या हातांची चुळबूळ शिक्षणाच्या खाती जमा झाली. म्हाताऱ्याची चुळबूळ मात्र रोगाच्या खाती पडली. तिच्याकडे प्रेमाने पाहावयास जगाला फार वेळ लागला. अलीकडे इंग्लंडातल्या रुग्णालयांत अशा रोग्यांना लोकरीची विणलेली, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी देतात. आत-बाहेर मणी, बटणे, फिती शिवलेल्या असतात. हात त्यात गुंततात आणि सलाईनच्या नळीकडे जात नाहीत.

माझी एक आत्या दौंडला मुलाकडे असे. माहेरी तिने पुष्कळ लोकर कातलेली. अखेरीस तिला माणसे ओळखू येईनात. दिवसभर ती पदराचे दोरे उसवी, गादीतला कापूस उपसी. घरची माणसे कंटाळून तिचे हात धरून ठेवीत. मग ती रडे. मी उरल्यासुरल्या लोकरीची तशी नळी विणली. एका अंगाला जाड उलटे टाके घातले, दुसऱ्या अंगाला घोंगडीचा तुकडा लावला, आणि तिच्या जुन्या पोलक्याची बटणे दुहेरी दोऱ्याने पक्की टाचली, कारण सुटलेले बटण तोंडात जाते. आत्याने सगळे चाचपून पाहिले. घोंगडीपाशी तिचा अंगठा थांबला. तिने दोन केस उपसले आणि त्यांना पीळ देऊ लागली. आजार काही हटला नाही. पण त्या दुपारी तिचे हात कोणी धरले नाहीत.

अशी वस्तू खेळणे म्हणून दिली, तर म्हातारे माणूस पोर ठरते. काम म्हणून दिली, तर त्याचा मान राहतो. दौंडच्या रेल्वेत जन्म गेलेल्या फिटरच्या हाती जाड बोल्ट-नट द्यावा, शिंप्याच्या हाती काजे-बटणे. म्हणून सुया हाती घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, की हे हात जन्मभर काय करीत होते. ते सांगणारे कोणी घरात आहे, तोवरच विचारावे.