'ण' आणि पाणी

वर्णमालेत सगळी अक्षरे सारखी, असे शाळेत शिकवतात. 'ण'चा इतिहास वेगळे सांगतो. शिवसूत्रांत हा 'ण्' खूण म्हणून दोनदा येतो. त्यामुळे 'अण्' म्हणजे नेमके कोणते वर्ण, हे भाष्यकारांना ठरवत बसावे लागले. पंडितांच्या घरचा हा घोटाळा शास्त्र ठरला.

महाराष्ट्री प्राकृताने संस्कृत 'न'च्या जागी सर्रास 'ण' आणला. वररुचीने 'प्राकृतप्रकाशा'त तसा नियमच नोंदवला. 'पानीय'चे 'पाणिअ' आणि त्याचे 'पाणी' झाले ते असे. म्हणजे आजचा 'शुद्ध' शब्द संस्कृताच्या मापाने बिघडलेलाच आहे. तरी आमचा विद्यार्थी 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो. त्याचा 'न' मूळ शब्दाला अधिक जवळचा, हे हसणाऱ्यांच्या गावीही नसते. १८७४ साली निघालेल्या 'निबंधमाले'नेही जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवलीच होती.

प्रमाण लेखनातला 'ण' जरूर शिकवावा. परीक्षेत तो लागतो. पण सोबत हा इतिहासही सांगावा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांनी पाण्याचा हक्क बजावला, त्यांच्या नातवंडांनी पाण्याच्या उच्चारापायी मान खाली घालू नये.